रत्नाबाईच्या नावची रॅकेट

— अख्ख्या बसवनगुडीत या आप्पाजीची सर्व्हिस कुणाला परतवता येत नाही, रम्या! नेटात गेलेला बॉल परतवणार कसा? — हस, हस. बरं, ही रॅकेट धर. माझी नव्हे गं, आमच्या बायकोची, रत्नाबाईची. नवीन, हलकी, नुसती पापड भाजायची जाळी. हिचं गटिंग करून दे, तार ओवून. तार कुठली? — तूच सांग की. पोरं घालतात ती कडक? नको? हलक्या रॅकेटीत कडक तार घातली की हादरा सगळा कोपरात येतो — ते मला ठाऊक नाही होय! परवा रात्रभर मी... म्हणजे रत्नाबाई कोपर धरून बसली होती. मऊच घाल. आणि स्वल्प सैल ताण, बॉल आपोआप पलीकडं पळाला पाहिजे. खांदा वर जात नाही गं माझा — तिचा! तिचा म्हणतोय मी.

रंग? काळा. माझ्या जुन्या रॅकेटीसारखा, हुबेहूब. आणि मुठीवर हा माझाच मळका पट्टा गुंडाळ. — का म्हणजे? असते एकेकीला आवड! अशी काय बघतेस? हे बघ, क्लबात हलकी रॅकेट आणलेल्या एकालाही मी सोडलं नाही. महांतेशला म्हटलं, झारा आणलास, आता कढईपण आण. विठोजीला भर कोर्टावर म्हटलं, डास मारून दाखव. आता माझ्या हातात ही दिसली तर ती माणसं मला... तिच्या हातात गं! तिला चिडवतील, बिचारीला.

चिडवू देत, त्याचं काय नाही. पण रविवारी मिक्स्ड डबल्स आहे. परवा माझे सगळे बॉल नेटात गेले, तर ही रिक्षात म्हणते, 'एवढं दुखतंय तर बसा की बाकावर, मी विठोजींबरोबर खेळते.' विठोजीबरोबर! तो माणूस पॉइंट जिंकला की टाळीला हात पुढं करतो — आणि मग सोडत नाही लवकर. म्हणून म्हणतो, मऊ, सैल, काळी, रविवारच्या आत. आणि रत्नाबाईला यातलं अक्षर कळता कामा नये, सरी? कळलं ना? — हो, रॅकेट तिचीच, पण तिला सांगायचं नाही, त्यात काय एवढं! बोल की, तोंडात काय धरलंयस?

"आप्पाजी, रत्नाअक्का सकाळीच येऊन गेल्या. म्हणाल्या, 'हे रॅकेट माझ्या नावावर खपवतील. तू मऊच तार घाल. आणि हसायचं ते, हे दुकानाच्या पायऱ्या उतरून गेल्यावर हस.'"