धानाच्या हातचा युरिया

घरासमोर लॉन लावा बाप्पा, पण धानवाल्या बापाले त्याच्याजवळ एकटं सोडू नका. आमचे बाबा दिघोरीहून भंडाऱ्याले माझ्याकडे राहायले आले आणि पहिल्याच सकाळी म्हणाले, "काहून रे, गवत पिवळं पडून राहिलं?"

मी ऑफिसात गेलो. संध्याकाळी येतो तर लॉनभर युरियाचे पांढरे दाणे. धानाच्या बांधीत फेकतात तसा बाबांनी मूठमूठ फेकला होता.

"बाबा, वरून पाणी दिलं का?"

"बांधीत पाणी उभंच राहते न."

लॉन तर कोरडं ठाक होतं. पाहता पाहता सगळं जळालं. बाबांनी पिशवी भरली. "सारी उमर धान पिकवला अन् पोराचं गवत जाळलं," म्हणाले आणि एसटीत बसले.

पावसाळ्यात तेच गवत असं हिरवंगार आलं की येणारे-जाणारे थांबून पाहत. बाबाले फोन केला, "या न पाहायले." त्यांना पटेना. शेवटी फोटो पाठवला.

फोटो पाहून बाबांनीच फोन केला. म्हणाले, "बापाचं मन राखाले शेजाऱ्याचं गवत कायले दाखवून राहिला, बेटा?"