सुलीच्या नखांचा रंग

माहं नाव पार्बता. माहेर मोहाडीकडचं अन् सासर हे आसगाव. आमी ढिवर, तलावात जाळं टाकायचं अन् मासोळ्या बाजारात नेऊन विकायच्या, सासऱ्याचं तेच, त्याच्या बापाचं तेच. शाळेत मी गेली नाई, अजूनही अंगठाच करते, पण कल्ला उघडून पाह्यला का सांगते, मासोळी आजची हाय का कालची, लाल कल्ला वेगळा अन् काळपट वेगळा.

सुली माही पहिली पोरगी, सत्तर सालातली. जन्मली तवा सुईण म्हणे, पोरगी सावळी हाय. सावळी कायची, काय सांगू तुमाले, रडली का ओठ जांभळे, नखं जांभळी. चालाले लागली तं दहा पावलं चालायची अन् उकिडवी बसायची, दम खायची, मंग उठायची, पुन्हा दहा पावलं. सासू म्हणे, लाडावली हाय. मी म्हणो, लाडानं कोणाची नखं निळी होतात का. भंडाऱ्याच्या डाक्टरनं छातीले नळी लावली, लय वेळ आयकत राहिला, अन् मंग मले न पाहता तिच्या बापाले म्हणे, हिच्या काळजात जन्मापासूनच दोष हाय, फुप्फुसाकडे पुरं रक्त जाऊन नाई राहिलं, नागपूरले न्या. नागपूरवाले म्हणे, मुंबईले न्या.

मुंबईले नेलं तवा ती चार वर्साची होती. तिथल्या डाक्टरनं कागदावर चित्र काढून सांगतलं, आता रक्ताले फक्त एक नवी वाट करून देतो, काळजाचं मोठं ऑपरेशन ती वाढली का करू. बापानं ऑपरेशनच्या कागदावर अंगठा देला. ऑपरेशन झालं, तिसऱ्या दिवशी मले आत जाऊ देलं, अन् पाहते तं पोरीची नखं गुलाबी. चार वर्सात पहिल्यांदा. मी एकेक बोट पदरानं पुसून पाह्यलं, मले वाटे औषधाचा रंग लागला असन.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिले चमच्यानं पाणी पाजून राहिली होती, तं नखाची कड मले वेगळी दिसली. काळी नाई, निळी नाई, पण कालची नाई. सिस्टर दुसऱ्या मुलखातली, हिंदीत म्हणे, बाई, ऑपरेशन के बाद थोड़ा नीला रहता है, घबराओ मत. मी बसली. पण माहं काही मन लागेना, बोट पाहो, ओठ पाहो, पुन्हा बोट पाहो. पोरगी पाणी मागेनाशी झाली, नाकपुड्या फुगून राहिल्या. मी पुन्हा गेली अन् सिस्टरचा हातच धरला, म्हटलं, बाई, मले वाचता येत नाई पण रंग वाचता येते, तुमी चला. ती आली, तिनं ओठ पाह्यले, अन् पळतच डाक्टरले बलवाले गेली.

डाक्टरनं नळी लावली अन् म्हणे, नव्या वाटेतून रक्ताचा घरघर आवाज याले पाह्यजे, तो येऊनच नाई राहिला. मनगटातून रक्त काढलं, मी पाह्यलं, सुईत काळंशार. तपासून आलं तं म्हणे, रक्तातला ऑक्सिजन लय खाली गेला, वाटेत रक्ताची गाठ अडकली असन, आताच पुन्हा उघडा लागते.

सुलीचा बाप बाहेर बाकावर बसला होता. म्हणे, पार्बता, एकदा चिरली, आता पुन्हा नाई, घरी नेऊ, हायेत तितके दिवस आपल्यापाशी राहीन. तो वाईट नव्हता जी, त्याले तिचं रडणं सोसत नव्हतं. मी डाक्टरले विचारलं, घरी नेलं तं. तो म्हणे, स्टेशनापर्यंतही पोचणार नाई. मी म्हटलं, अन् उघडलं तं. म्हणे, पोरगी वाचनच असं लिहून नाई देत, पण वाट तेवढीच हाय. मी म्हटलं, आईचा अंगठा चालते का. म्हणे, चालते. मी देला.

पोरीले पुन्हा आत नेलं. दुपारभर बाप खिडकीकडे तोंड करून उभा अन् मी भिंतीले टेकून बसली, मले वाटे मेली तं ह्या अंगठ्यानं मेली, हा माणूस जन्मभर मले हेच म्हणन. म्हणालाही असता. पोरीले बाहेर आणलं तवा मी तिकडे पाह्यलंच नाई. तोच गेला, तिचा हात हातात घेतला, अन् मले म्हणे, इकडे ये, तू पाह्य, मले रंग समजत नाई.

गुलाबी होता जी.

आता सुली आठवीत हाय. नखं अजून निळसर होतात, थंडीत जास्त, शाळेच्या रस्त्यात दोनदा बसते. जुलाब लागले का माहा जीव उडते, डाक्टरनं सांगून ठेवलं हाय, अंगातलं पाणी कमी होऊ देऊ नका, रक्त घट्ट होते. आता मुंबईहून पत्र आलं हाय, मोठ्या ऑपरेशनले आणा म्हणून. ह्या वेळी मी अंगठा देला नाई, बापालेही देऊ देला नाई, आधी तिले विचारलं. म्हटलं, सुले, भेव वाटते का. म्हणे, वाटते. मंग म्हणे, पण आई, मले एकदा धावून पाह्यचं हाय.

धान कापणं झालं का जाऊन राहिलो आमी. देव तिले धावू देवो, मी येईन मागून चालत.