छपराची जाळी

पद्मलता: शिडी कुठे नेतोस? ठेव तिथेच.

लायनेल: शेजारच्या पियसेनची आहे, परत द्यायला नको? मला कोलंबोची बस गाठायचीय, अक्का.

पद्मलता: बस गेली खड्ड्यात. कालपासून खार ओरडतेय, ऐकू येतंय ना?

लायनेल: येतंय की. म्हणून तर अख्खी आळी काठ्या घेऊन फिरतेय. खार अशी ओरडली की साप असतो, लहानपणी तूच शिकवलंस.

पद्मलता: शिकवलं, आणि मीही गाढवासारखी तेच धरून बसले. पियसेननं केळी झोडपल्या, मी लाकडाची रास उपसली, अम्माला खाटेवरून पाय खाली टाकू दिला नाही. साप नाही नि काही नाही. मघाशी जरा मान वर केली. छपराच्या कडेला नाक लावून ओरडतेय ती, आणि तिथे नवीकोरी जाळी. कोणी ठोकली?

लायनेल: मी. काल सकाळी. मग?

पद्मलता: ठोकायच्या आधी आत बघितलंस?

लायनेल: आत काय बघायचंय? अम्माच्या पंख्याची वायर कुरतडली तिनं. ठिणगी मच्छरदाणीवर पडली. फोनवर रडत कोण होतं?

पद्मलता: मी. वायर नळीतून घालून दे, एवढंच म्हटलं होतं. हे म्हटलं नव्हतं.

लायनेल: म्हणजे अम्मा जळाली असती तरी तुला खारच महत्त्वाची.

अम्मा: मला मधे घेऊ नका रे. रोज माझ्या ताटातला भात खाऊन जायची. काल नाही आली. माझ्या उशीचा कापूस ओढून नेला, तेव्हाच म्हटलं, बाळंतीण व्हायची असणार.

लायनेल: मग मला सांगायचं नाही?

अम्मा: कधी सांगू? आलास तो हातोडा घेऊनच.

लायनेल: बरोबर. मी आलो नाही तर नालायक, येऊन काम केलं तरी नालायक. अगं, तिला झाडं कमी आहेत का? माणसाच्या डोक्यावरच कशाला बिऱ्हाड?

पद्मलता: कुठली झाडं? समोरची नारळाची बाग कोणी विकली? मला न विचारता, अम्माचा अंगठा घेऊन? आता तिथे फरशांचं दुकान आहे. ती बिचारी तिथून इथे आली. विजेच्या तारेवरून चालायला शिकली, भात खायला शिकली, मांजर कधी झोपतं ते शिकली. आणि तू इथेच जन्मलास, तुला दोन दिवस या घरात नीट राहता येत नाही.

लायनेल: बागेचं आज कशाला काढतेस?

पद्मलता: आज तू समोर उभा आहेस म्हणून. फोनवर काढलं की तुझी रेंज जाते. चढ वर. पिल्लं आत आहेत, कालपासून उपाशी.

लायनेल: पियसेनला सांग ना. माझे हे कपडे...

पद्मलता: पियसेननं ठोकली का जाळी? चढ म्हणते ना.

(लायनेल शिडी चढतो. पक्कडीनं खिळे ओढल्याचे आवाज. खारीचं ओरडणं थांबतं.)

लायनेल: दोन कौलं काढली. इथं कापूस आहे, काथ्या आहे. पांढरे केसही आहेत, अम्माचे.

पद्मलता: पिल्लं बघ आधी.

लायनेल: आहेत. तीन.

पद्मलता: हलतायत का?

लायनेल: दोन हलतायत.

पद्मलता: आणि तिसरं?

लायनेल: ते थंड लागतंय, अक्का.

अम्मा: काय म्हणतोय तो? मला ऐकू येत नाही.

पद्मलता: काही नाही अम्मा. पडून राहा.

लायनेल: अक्का, ती आली. माझ्या मनगटावरनं चाललीय. एकाला तोंडात धरलं तिनं.

पद्मलता: हात हलवू नकोस.

लायनेल: नाही हलवत. पण मला घाबरत कशी नाही ही?

पद्मलता: माणसांतच राहिलीय ती. तिला वाटतंय, तू सोडवायला आलायस.