म्या चार म्हणायचो, ती दोन

म्या दगडू, साखऱ्याच्या शिवारातला, जन्मापासून मेंढरांतला. शाळा दुसरीपर्यंत झाली, मंग बापानं हातात काठी देली आन् कळपामागं लावलं. कुस्तीचा नाद तवापासूनचा, आन् पैजेचा बी, लपवून काय करू.

आमच्यात पैज कोकरांची लागते, पैशाची न्हाई. त्यातबी नराची. मादी कधी लावायची न्हाई, तिच्यावर कळप चालते, नर तं आज न्हाई उद्या बाजारातच जाते. हे बापानं शिकवलं. पण किती लावायचे, हे त्यानं न्हाई सांगितलं, ते माझी बायको ठरवायची, गिरजा.

कसं ते सांगतो. कनेरगाव नाक्याचा किसन माझा जुना दोस्त, तोबी मेंढरंवालाच. गावच्या जत्रंच्या आदल्या दिवशी तो माझ्या अंगणात मुक्कामाला यायचा, आन् चहा घेता घेता उद्याच्या मोठ्या कुस्तीची पैज ठरायची, एक पैलवान त्याचा, एक माझा. किती रे, तो इचारायचा. म्या म्हणायचो चार. चुलीपासून गिरजा म्हणायची दोन, वर न पाहता, भाकर थापता थापता. किसन हात पुढं करायचा, दोनाची टाळी व्हायची, आन् टाळी झाली की पैज पक्की. आता काय सांगू तुम्हाला, मला दोनच लावायचे असायचे. ती अर्धं करनार हे धरूनच म्या दुप्पट बोलायचो, आन् तिलाबी ते ठाऊक. एका साली म्या खरंच दोन म्हणलो तं म्हणे, काहून, ताप आला का?

पोरगं म्हणते, बाबा, आता लोकं मोबाइलवर क्रिकेटला लावून राहिले. लावू दे. मान खाली घालून बोटानं लावतेत, बाजूला बसलेल्या बायकोला आयकू जात न्हाई. मंग तिनं अर्धं कसं करावं?

गेल्या साली जत्रंच्या आधी गिरजा गेली, पोटाच्या दुखण्यानं. कळपात त्या साली पाचच नर निघाले होते, ते जवळा बाजारला इकून तिच्या वर्षसरादाची मोठी पंगत घालायची, असं म्या ठरवलं होतं. दोन गेले असते तरी भागलं असतं. किसन आला, वहिनीच्या नावानं डोळे पुसले, मंग म्हणला, औंदा पैज राहू द्यायची का? म्या म्हणलं, काहून राहू देऊ. म्हणला, किती? तोंडातून निघालं, चार.

आन् म्या थांबलो. किसनबी थांबला. चुलीपाशी सून बसली होती, नवी पोर, तिला काय ठाऊक. ती भाकर थापत राहिली, दोन कोनी म्हणलंच न्हाई. किसननं लई हळू हात पुढं केला, म्हणला, दगड्या, इचार कर अजून. म्या टाळी देली. निघालेली जबान गिळता येते का?

माझा पैलवान पडला, घटकाभरबी टिकला न्हाई. किसननं दोन कोकरं टेंपोत घातले आन् फळी लावाया लागला. म्या म्हणलं, चार. तो म्हणला, वहिनी असती तं दोनच म्हणली असती. म्या म्हणलं, ते म्हणायचं काम तिचं होतं, तुझं न्हाई, चारी ने. म्हणला, येडा हायस तू. व्हय म्हणलं, तीबी हेच म्हणायची.

पंगत लहान झाली, भावकी आन् गल्ली, बस. किसन गुळाची भेली घेऊन आला, ती म्या ठेवून घेतली, ती पैजेतली नव्हती.

आता जत्रा परत जवळ आली. किसन येनारच, इचारनारच. काल मेंढरांमागं, आजूबाजूला कोनी न्हाई पाहून, म्या मोठ्यानं म्हणून पाहिलं, दोन. माझ्या तोंडून काही बराबर निघालं न्हाई. पण शिकावं लागते. जा आता तुमी, भलं होवो तुमचं. घरी कोनी तुमचं बोलणं मधीच तोडत असंन, तं तोडू द्या.