मागणी कुठल्या पानावर आहे?

...आणि वर मलाच म्हणतात, ओळ दाखवा! अहो, माणूस जीव मुठीत धरून मागणी घालतोय आणि तुम्ही पानं कसली उलटताय? तुम्हाला सांगतो, त्या वाचनगटात जाऊच नये माणसानं. मी गेलो, कारण बसडेपोतून रिटायर झालो, बायको आधीच देवाघरी गेलेली, आणि सूनबाई म्हणाली, 'बाबा, दारात उभं राहून शेजाऱ्यांना कोण किती लेट आलं ते सांगता, त्यापेक्षा वाचनालयात तरी जा.' गेलो.

तिथं वाचनगट चालवणाऱ्या मॅडम. चारशे वर्षांपूर्वीचं परदेशी नाटक घेतलेलं, त्यातला एकच प्रवेश : सरदार बागेत येऊन एका विधवेला मागणी घालतो. आपल्याला वाटतं, घातली मागणी, संपलं, चला पुढं. छे! तिच्या हातात कात्री आहे. का आहे? झालं, महिनाभर कात्री! मी म्हटलं, 'फांद्या छाटायला असेल.' मॅडम चष्म्यावरून बघत, 'असेल नको. ओळ दाखवा.' औषधाच्या दुकानवाले म्हणाले, 'तिला तो आवडत नसावा.' 'ओळ दाखवा.' मी पंखा लावायला उठलो, म्हटलं उकडतंय, तर सवयीनं सगळेच, 'ओळ दाखवा!'

तरी मी टिकलो, का? तर शेजारी बसायच्या मेट्रनबाई. दवाखान्यातून निवृत्त, एकट्याच, बोलणं इंजेक्शनसारखं, टोचतं पण नंतर बरं वाटतं. आवडल्या मला! आता या वयात लाजायचं कुणाला? आणि आज कळलं, महिनाअखेर त्या लेकीकडे निघाल्यात, दुसऱ्या गावी, कायमच्या. माझं धाबंच दणाणलं.

आणि योग बघा, मॅडमनी वाचनाला मला सरदार केलं, त्यांना विधवा. म्हटलं, हीच वेळ! सरदाराचे चंद्र-तारे वाचता वाचता पुस्तकातून डोकं वर काढलं आणि मनातलं मध्येच घुसवलं, 'बाईसाहेब, मी एकटा, तुम्ही एकट्या. मुलाच्या घरी सगळं आहे, पण संध्याकाळ खायला उठते. तुम्ही सोबत असाल तर दोन घास गोड लागतील. जाऊ नका.'

आणि लगेच... फडफड, फडफड, पानं! 'कुठाय हे?' 'माझ्याकडे नाही बुवा.' 'तुमची आवृत्ती कुठली?' मॅडम तर हरखल्याच, 'वा! जुन्या प्रतीतला मजकूर दिसतोय, चर्चा करू!' आणि केली की! माझ्या काळजाचं पोस्टमॉर्टेम, तासभर! औषधवाले म्हणाले, 'याला बायको नको, स्वयंपाकीण हवीय.' मी ओरडलो, 'कशावरून? ओळ दाखवा!' तर सगळे एका सुरात, 'दोन घास! ही काय ओळ!' आयुष्यात एकदा ओळ सापडली, तीही माझ्याविरुद्ध.

आणि मेट्रनबाई? त्या थंडपणे म्हणाल्या, 'स्वतःचंच रडगाणं गातोय. तिला काय हवंय, हे एकदा तरी विचारलंय का यानं?' मी चितपट.

बाहेर पायऱ्यांवर गाठलं त्यांना. म्हटलं, 'ते पुस्तकातलं नव्हतं.'

'कळलं मला,' त्या म्हणाल्या, 'सरदार एवढा रडका नाही.'

'मग... तुम्हाला काय हवंय?'

त्या थांबल्या. म्हणाल्या, 'मला लेकीच्या घरात पाहुणी म्हणून म्हातारं व्हायचं नाही. आणि स्वयंपाक तुम्ही शिकायचा.'

'शिकतो! आजपासून शिकतो! लग्न कराल माझ्याशी?'

'हो,' म्हणाल्या, आणि छत्री उघडून चालू लागल्या.

मिळाला की नाही होकार? माणसानं नाचायला हवं की नाही? पण त्या गटानं पार वाट लावली हो माझी! घरी आलो, कुकर समोर ठेवला, आणि बसलोय नुसता... तुम्हाला सांगतो, आभाळात ढग नव्हता, ऊन कधीच उतरलेलं, मग छत्री का उघडली? आता गुरुवारी गटातच विचारावं लागणार.