मागं बसायची जागा

हॅलो?… हॅलो, कोण?… जरा जोरात बोला, बाजूला ट्रकची बॉडी ठोकून राहिलेत… हाव, खाजामियाँच बोलतो. लातूरचा, मोटारसायकलच्या फ्रेमवाला, तोच… कुठून? निलंग्याहून?… कोण बाई?… चंद्रप्रभाबाई… माफ करा, वळख लागली न्हाई… श्रीनाथ सरांच्या सासूबाई?

खाजामियाँचा आवाज तिथंच खाली आला. कारण श्रीनाथ सर समोरच स्टुलावर बसले होते. सीटची उंची बघायला त्यांना आज मुद्दाम बोलावलं होतं. डावा पाय, म्हणजे तो लाकडाचा अन् कातड्याच्या पट्ट्यांचा, काढून त्यांनी भिंतीला टेकवून ठेवला होता. सासूबाईंचं नाव ऐकलं अन् सरांनी दोन्ही हात हलवले. मी नाही म्हणून सांगा.

सर?… सरांचंच काम चालू हाय बघा, बाई. आत्ताच फ्रेम जिगवर आवळली.

आता खाजामियाँना खोटं बोलता येत नव्हतं असं अजिबात नाही. 'परवा गाडी देतो' हे ते गिऱ्हाइकाला गेली कित्येक वर्षं न लाजता सांगत आले होते. पण पलीकडं शाळेतून रिटायर झालेली बाई होती. मास्तरणीच्या त्या 'हं?' पुढं भल्याभल्यांची जीभ अडखळते, तिथं खाजामियाँचं काय घेऊन बसलात! म्हणून त्यांनी खरं तेवढंच सांगितलं अन् बाकीचं गिळलं.

जिग म्हंजी?… आता कसं सांगू तुम्हाला… लोखंडाचा पलंग समजा, गर्डरचा. गाडीचा नुसता सांगाडा त्याच्यावर आवळून ठेवायचा. हँडलची नळी अन् मागचं चाक एका सुतात. मग तुम्ही पाइप कापा, जोडा, वाकवा, सांगाडा हलणार न्हाई. न्हाई तर वेल्डिंगच्या आचेनं लोखंड खेचतं, गाडी जन्मभर एकीकडंच पळती… हाव, बुलेट. गिअर उजव्या पायाला हाय, ते तसंच ठेवलं. डाव्या पायाचा ब्रेक वर हाताला आणला. मागं दोन्ही बाजूंनी एकेक बारकं चाक… हाव, तोल जायचं भ्याच न्हाई…

काय?… लांब सीट?… न्हाई, न्हाई बाई. सिंगल सीट. सरांनी पैल्याच दिवशी सांगितलंय… मागं माणूस बसंल एवढी जागाच ठेवू नका म्हणून… म्हणलं की मी! म्हणलं सर, राहू द्या, कोणी ना कोणी बसतंच. तर म्हणाले, मागचा भाग कापून टाका… कापला, बाई. काय करू?

सरांनी मान खाली घातली होती. खाजामियाँना तो दिवस आठवला. एवढा मऊ बोलणारा माणूस, दोनशे पोरांच्या क्लासात फिजिक्स शिकवतो, कधी आवाज चढवत नाही. पण सांगाड्याचा मागचा भाग कापून खाली पडेपर्यंत ते तिथून हलले नव्हते. मग चहा पिताना एकदाच बोलले होते, "माझ्या गाडीवर घेऊन गेलो मी तिला. माझ्या मागं बसवून." खाजामियाँनी पुढं विचारलं नाही. लातुरात भूकंपाचं कोणी कोणाला खोदून विचारत नाही, प्रत्येकाच्या घरी काही ना काही असतंच.

न्हाई, पक्कं न्हाई झालं अजून. नुसते टाके मारलेत… टाके म्हंजी जागोजागी जरा जरा चिकटवलंय, तोडलं तर तुटतं. आज संध्याकाळी पक्कं करणार… मग अवघड हाय, बाई. मागं सीट वाढवायची तर ती बारकी चाकं पण मागं सरकवावी लागतेत. न्हाई तर दोघं बसले की पुढचं चाक उचलंल… त्याच्यासाठीच फोन केला?… कोणी सांगितलं तुम्हाला?… सरांनीच? दिवाळीला?… हां. 'एका माणसाची गाडी करून राहिलो' म्हणाले… अन् पोर ऐकत होती… भार्गवी… मग?

पलीकडून बाई पुष्कळ वेळ बोलल्या. खाजामियाँ हातमोजा काढून गुडघ्यावर आपटत ऐकत राहिले.

हाव… हाव… दप्तर टाकून रडली?… 'माझ्यासाठी जागाच न्हाई केली' म्हणाली?… अल्ला… किती वर्षांची झाली आता?… सात. भूकंपाच्या वेळी दोनच वर्षांची होती, नव्हं?… हाव, दुसरीत असंल मग…

खरंय, बाई. इकडं लातुरात सारी दुनिया पोरं शिकवायला घेऊन यायलीय. आमच्या गल्लीत नांदेडची, परभणीची, कुठकुठली पोरं खोल्या करून राहतेत. मेसवाल्यांना ताटं पुरंनात… अन् आपली पोर निलंग्यात, खरंय… सर पैसे पाठवतात महिन्याला, पण येतात एस.टी.नं, चहा पितात अन् परतीच्या गाडीनं जातात… पोर फाटकात उभी राहती… मी काय बोलू त्याच्यात? मला सांगून काय उपेग, बाई?

त्यांना हे सगळं मोठ्यानं बोलायचं नव्हतं. पण चांगलं ऐकणाऱ्या माणसाची खोडच असते, दुसऱ्याचं बोलणं तो आपल्या तोंडानं परत म्हणतो. स्टुलावर सर एकेक वाक्य ऐकत होते अन् तुटक्या पायाच्या गुडघ्यावर अंगठा दाबत होते.

ऐका ना… बाई, ऐका ना माझं. काम त्यांचं हाय. गिऱ्हाइकानं नको म्हणलं, मी जबान दिली. तुम्ही मास्तरणी माणूस, तुम्हीच सांगा, गुपचूप कसं जोडू?… तसं न्हाई… तुमचा हक्क हाय ना, कोण न्हाई म्हणतंय? पण त्यांच्या मनात एक गोष्ट बसलीय… ते तुम्हाला ठाव असंल… विसर्जनाचा दिवस. हाव.

आठवतंय की. कोण विसरंल… सर त्या संध्याकाळी तुमच्याकडं आले, तुमच्या लेकीला न्यायला… पोरीला ताप होता म्हणून पोर तुमच्यापाशी ठेवली… अन् त्या, सरांच्या मागं बसून, गावी गेल्या. अन् पहाटं…

पहाटं भूकंपात घराचं माळवद बसलं, एवढं सगळ्या जिल्ह्याला माहीत होतं. दगडमातीच्या ढिगाऱ्यातून सरांना काढलं तेव्हा पाय गेलेला होता. बायकोला काढायला संध्याकाळ झाली.

काय म्हणालात?… थांबा, थांबा. परत सांगा… थैली भरून ठेवली होती?… कधी?

खाजामियाँ उभे राहिले. फोनची वायर ताणली गेली. तोंड फोनकडं होतं, पण नजर सरांवर होती. आता ते बाईंचं प्रत्येक वाक्य एखाद्या बहिऱ्या माणसाला सांगावं तसं मोठ्यानं, तोडून तोडून म्हणायला लागले. मुद्दामच.

सर यायच्या आधी… दुपारीच थैली भरून ठेवली होती… शेवटच्या एस.टी.नं एकटीच जाणार होती… तुम्ही म्हणलात, पोरगी आजारी हाय, आजचा दिवस राहा… तर म्हणाली, पोर तुमच्यापाशी ठेवते, पण गावच्या गणपतीला जाणारच… तुमच्याशी भांडली सुद्धा… अन् चप्पल घालून दारात उभी होती, तेव्हा सरांची गाडी आली… बाई, म्हंजी सर आले नसते तरी गेलीच असती?… एकदा स्पष्ट सांगा मला. सर आले नसते तरी ती गेलीच असती?… गेलीच असती.

सरांनी वर बघितलं. खाजामियाँनी मान हलवली, हो म्हणून.

अन् हे सरांना ठाव न्हाई?… पाच वर्षांत सांगितलं न्हाई?… का, बाई? का?… तुम्हाला वाटलं, लेकीनंच सरांना वाटेत सांगितलं असंल… हां… अन् विषय काढला की ते उठतात, गाडीची वेळ झाली म्हणतात… तुम्हाला वाटलं, तुमच्यावर राग हाय. लेकीला अडवलं न्हाई म्हणून… तौबा! माफ करा, लहान तोंडी मोठा घास घेतो, पण तौबा! ते तिकडं समजून बसलेत की तुमचा त्यांच्यावर राग हाय. अन् मधल्या मधी ती पोर फाटकात उभी!

खाजामियाँना राग आला होता, अन् रागापेक्षा जास्त रडू येत होतं. एवढी शिकलेली माणसं, एकमेकांचं मन राखता राखता पाच वर्षं एकमेकांना सोलत बसली. कोणाला बोल लावणार? दोघांचंही एकच माणूस गेलं होतं.

रडू नका, बाई… ऐका ना… फोनबूथवाला बघत असंल… बघू द्या म्हणता? बरं, बघू द्या… पाणी प्या जरा. कोणी हाय सोबत?… पोरच हाय?… शाळेतून तशीच आणली?… ऐकू जातंय तिला?… बाहेर पायरीवर बसलीय. बरं.

काय?… मी कुणाशी बोलून राहिलो?… कुणाशी न्हाई, बाई… न्हाई म्हंजी…

आता मात्र जीभ खरंच अडखळली. त्यांनी सरांकडं बघितलं. सरांनी आता हात हलवले नाहीत.

हायत. सर इथंच हायत, बाई. माझ्यासमोर. सगळं ऐकलं त्यांनी, माझ्या तोंडून.

बाजूची ठोकाठोक तेवढ्यात थांबली होती. सरांनी चष्मा काढला, सदऱ्यानं पुसला, परत घातला अन् परत काढला. मग ते म्हणाले, "विचारा त्यांना, भार्गवीचे पाय कुठवर येतात."

"काय, सर?"

"मागं बसली तर पाय ठेवायला किती खाली लागेल. मला माहीत नाही, खाजामियाँ. मी तिला कधी… मला माहीत नाही."

बाई, हॅलो… हाव, हाय मी. सर विचारून राहिलेत, पोरीचा पाय किती लांब हाय… पाय, पाय! गुडघ्यापासून टाचेपर्यंत… टेप नसू द्या, वितीनं मोजा. बाकड्यावर बसवा तिला… हाव, धरतो फोन, सावकाश मोजा… बूट काढून न्हाई, घालूनच. गाडीवर बूट घालूनच बसंल की… काय म्हणती? गुदगुल्या होतेत? होऊ द्या, हलू नको म्हणा… दोन विती… वर दोन बोटं. तुमची वीत, नव्हं?… बस, झालं माझं काम. पायदान उंचच घेतो, तिच्या मापाचं. मोठी झाली की खाली घेऊ, बोल्टवर करतो.

खडूनं त्यांनी माप तिथंच जिगच्या गर्डरवर लिहिलं. मान वर केली तर सर स्टुलावर नव्हते. लाकडी पाय भिंतीला तसाच टेकलेला होता, अन् सर जिगच्या कडेकडेनं, एका पायावर उड्या मारत, गर्डर धरत धरत फोनकडं येत होते. खाजामियाँनी हात पुढं केला नाही. नुसता रिसीव्हर पुढं केला.

"हॅलो… आई… हो, मीच… नाही, तुम्ही नका म्हणू तसं… ऐकलं. सगळं ऐकलं… मी विचारायला पाहिजे होतं… नाही, मीच… आई, मला वाटायचं तुम्ही माझं तोंड बघता ते पोरीसाठी… नाही… नाही, माझा कसला राग… तिनं वाटेत? वाटेत ती गाणी म्हणत होती… हो… मोठ्यानं… मी कुणाला सांगितलं नाही कधी."

इथं सर भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. खाजामियाँ उगाचच नटबोल्टचे पाने शोधायला लागले, जे त्यांच्या हातातच होते.

"रविवारी येतो. राहायलाच येतो… हो… द्या तिला.

"हॅलो?… भार्गवी?… हो, बाबा… होईल की, आजच सांगितलं… लाल? लाल रंग देऊ, बरं… नाही, पडणार कशी? दोन्ही बाजूंनी चाकं आहेत तिला… माझ्या मागं. माझ्या अगदी मागं… शाळेत? शाळेत पण… आजी? आजीला आपण एस.टी.नं आणू… हसू नको, खरंच… काय?… धरायला?"

खाजामियाँनी लगेच बोटांनी हवेत वाकडा पाइप काढून दाखवला. सीटला कडी जोडतो, तिला धरायला. सरांनी त्यांच्याकडं बघितलं अन् मान हलवली. नको.

"मला धर… हो, मलाच. पोटाभोवती दोन्ही हात घालून… नाही दुखणार मला… घट्ट धरायचं, अन् घर येईपर्यंत सोडायचं नाही… हॅलो?… हॅलो?… भार्गवी?"

लाइन गेली होती. सर तरी रिसीव्हर कानाला लावून तसेच उभे राहिले, एका पायावर, जिगला टेकून.