सातवी संमती

सन्माननीय अध्यक्ष महोदय, ज्यांच्या बांधकाम कंपनीने या सभागृहाचं भाडं भरलं ते प्रमुख पाहुणे, नदीखोरे बचाव समितीचे सभासद, आणि आजच्या सत्कारमूर्ती, आपल्या बाई,

शाळेत बाईंनी मला वनस्पतिशास्त्र शिकवलं. भर वर्गात म्हणाल्या होत्या, "दगड आहेस तू." त्याच दगडाला आज त्यांना निरोप द्यायचा योग आला, याचा मला मनापासून आनंद आहे.

अकरा वर्षांपूर्वी नदीकाठच्या उतारावर इमारती येणार असं कळलं आणि बाईंच्या स्वयंपाकघरात ही समिती जन्माला आली. बाईंनी दारोदार चपला झिजवल्या. एकही झाड गुपचूप तुटू नये म्हणून उतारावरच्या प्रत्येक झाडावर पांढऱ्या रंगाने क्रमांक घातला, वहीत यादी केली. खरंच, गुपचूप एकही तुटलं नाही. पाहुण्यांच्या माणसांनी यादी हातात घेऊन ओळीने तोडली. पाहुणे मघाशी म्हणाले, इतकं नेटकं काम सरकारी खात्यातही होत नाही. टाळ्या नकोत का याला?

वही त्यांच्याकडे कशी गेली, हे आज कशाला काढायचं? आनंदाचा प्रसंग आहे.

आता राहिली पलीकडच्या काठावरची राई. समितीने होकार दिला की तिथे वाहनतळ होईल. पण कार्यकारिणीतल्या सातही जणांची संमती हवी, हा नियम बाईंचाच. सहा जणांनी दिली. बाई म्हणाल्या, "मी आहे तोवर नाही." या वयात त्यांना किती ताण द्यायचा? म्हणून आपण त्यांना तहहयात सल्लागार केलं. सल्लागाराला मान असतो, मत नसतं. मघाशी मानपत्रासोबत त्यांनी सही केलेला कागद म्हणजे कार्यकारिणीचा राजीनामा. त्यांचा चष्मा घरी राहिला होता, तेव्हा मीच वाचून दाखवला. थोडक्यात वाचला.

बाई, उठू नका, गुडघे दुखतात तुमचे. माइक मागताय ते दिसतंय मला. पण कार्यक्रमपत्रिकेत तुमचं मनोगत नाही, आणि बाहेर चहा निवतोय.

पाहुण्यांचे, अध्यक्षांचे आणि शांतपणे ऐकून घेणाऱ्या आपणा सर्वांचे आभार. बोलण्याच्या ओघात काही उणं-अधिक झालं असेल तर पदरात घ्यावं. कोणीतरी बाईंना हात धरून खाली उतरवा. कार्यकारिणीच्या सहा जणांनी मात्र थांबावं. आपलं एकमत झालंय, तेवढं कागदावर घेऊ.